आजोबांच्या ट्रंकेतले ‘फर्स्ट बुक’ : केलॉग यांचे शालेय आरोग्यपुस्तक आज कसे वाचावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरच्या एका मिशन शाळेत शिक्षक असलेल्या आपल्या आजोबांच्या ट्रंकेत ‘फर्स्ट बुक इन फिजिऑलॉजी अँड हायजीन’ नावाचे, जे. एच. केलॉग यांनी लिहिलेले आणि न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्सने छापलेले एक लहानसे इंग्रजी पुस्तक सापडले. हे केलॉग कॉर्नफ्लेक्सवाले की दुसरे कोणी, शाळकरी मुलांच्या पुस्तकात दारूविषयी इतकी पाने का, सातवीतल्या मुलीला ते वाचायला द्यावे का, आणि पुस्तक टिकवावे कसे, हे आपण विचारले आहे. मी ३४ वर्षे वैद्यकीय महाविद्यालयांत रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवले. जुनी आरोग्यपुस्तके जमवण्याचा नाद त्याच नोकरीत लागला, त्यामुळे या पुस्तकाशी माझी ओळख जुनी आहे.

मुलीला ते जरूर द्यावे, पण शेजारी बसून वाचावे, असे माझे मत आहे. या पुस्तकातला उपदेश आणि त्या उपदेशासाठी दिलेले कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. उपदेश बरोबर आणि कारण साफ चुकीचे, अशी जोडी त्यात इतक्या वेळा येते की पुस्तकातले सर्वांत शिकण्यासारखे तेच आहे, असे मी म्हणेन.

प्रथम लेखकाविषयी. होय, हे तेच केलॉग. जॉन हार्वी केलॉग यांचा जन्म १८५२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला आणि मृत्यू १९४३ मध्ये, म्हणजे वयाच्या ९१ व्या वर्षी. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते १८७५ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी बॅटल क्रीक येथील आरोग्यसंस्थेचे प्रमुख झाले. ही संस्था सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८६६ मध्ये काढली होती. केलॉग यांनी तिला ‘बॅटल क्रीक सॅनिटेरियम’ या नावाने जगप्रसिद्ध केले. गव्हाचे आणि नंतर मक्याचे पोहे लाटून भाजण्याचा प्रकार त्यांच्या स्वयंपाकघरात १८९४ पासूनचा. पण डब्यात भरून विकण्याची कंपनी १९०६ मध्ये काढली ती त्यांच्या धाकट्या भावाने, विल कीथ केलॉग यांनी, आणि त्यावरून दोघा भावांत पुढे कोर्टकज्जे झाले. आपल्या हातातले पुस्तक या सगळ्याच्या आधीचे, १८८७-८८ च्या सुमाराचे आहे. त्या वेळी लेखक पस्तिशीतले होते आणि कॉर्नफ्लेक्स अजून जन्माला यायचे होते. मुखपृष्ठानंतरच्या पानावर हार्परऐवजी ‘अमेरिकन बुक कंपनी’ असे नाव असते तर प्रत १८९० नंतरची म्हटली असती, कारण ती कंपनीच त्या वर्षी अनेक प्रकाशकांचे शालेय विभाग एकत्र करून स्थापन झाली.

ज्या चळवळीतून हे पुस्तक आले ती मात्र या पुस्तकाहून पन्नास वर्षांनी जुनी. १८३० च्या दशकात सिल्व्हेस्टर ग्रॅहॅम नावाचे धर्मोपदेशक गावोगाव व्याख्याने देत फिरत होते. चाळलेल्या पांढऱ्या पिठाचा पाव खाऊ नका, मांस, दारू, चहा, कॉफी आणि मसाले सोडा, थंड पाण्याने अंग धुवा, खिडकी उघडी ठेवून झोपा, असे ते सांगत. १८३२ मध्ये न्यूयॉर्कला कॉलऱ्याची साथ आली आणि भेदरलेल्या लोकांनी त्यांची व्याख्याने तुडुंब भरवली. त्याच काळात विल्यम अल्कॉट यांनी मुलांसाठी शरीराला घराची उपमा देऊन पुस्तक लिहिले. हाडे म्हणजे घराचा सांगाडा, डोळे म्हणजे खिडक्या अशी ती रचना. केलॉग यांच्या पुस्तकाचा पहिला धडा हीच उपमा घेऊन सुरू होतो, हे आपण पाहिलेच असेल. संतवाङ्मयात वाढलेल्या मराठी वाचकाला देहाचे घर नवीन नाही. फरक इतकाच, की आपल्याकडे ते घर नश्वर म्हणून सांगितले जाते आणि येथे ते भाडेकरूने नीट राखायचे म्हणून.

या चळवळीत तिसरा प्रवाह मिसळला तो जलचिकित्सेचा. ऑस्ट्रियन सिलेसियातील ग्रेफेनबर्ग येथे व्हिन्सेंट्स प्रीसनिट्स नावाचा शेतकरी ओल्या पट्ट्या आणि गार पाण्याचे उपचार करीत असे. ती पद्धत अमेरिकेत गेली आणि बॅटल क्रीकच्या संस्थेचा पाया झाली. तीच पद्धत जर्मनीत लुई कुन्हे यांच्या हाती वेगळी वाढली, कुन्हे यांच्या लेखनातून गांधीजींपर्यंत पोहोचली आणि १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. म्हणजे बॅटल क्रीक आणि उरुळी यांचे नाते चुलत भावंडांचे आहे. पुणेकरांना आणखी जवळची खूण हवी असेल तर औंधच्या स्पायसर महाविद्यालयाकडे पाहावे. केलॉग यांना १९०७ मध्ये ज्या पंथाने काढून टाकले त्याच पंथाचे हे महाविद्यालय १९४२ मध्ये पुण्यात आले, आणि तिथल्या बेकरीतला अख्ख्या गव्हाचा पाव व शेंगदाण्याचे लोणी पुण्यातल्या एका पिढीने खाल्ले आहे. त्या पावामागे कोणता शंभर वर्षांचा वाद आहे हे घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

आता पुस्तकातल्या मजकुराकडे वळू. श्वसनाचा भाग प्रथम वाचावा, कारण आपण लिहिले आहे की आजोबांनी तिथेच पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. कोंदट खोलीत बसू नये, रात्री खिडकी उघडी ठेवावी, शाळेच्या वर्गात हवा खेळती असावी, हा त्या काळच्या सर्व आरोग्यपुस्तकांचा आवडता उपदेश. त्यामागचे कारण असे दिले जाई की माणसाच्या उच्छ्वासात एक सेंद्रिय विष असते आणि बंद खोलीत माणूस स्वतःच्याच विषाने हळूहळू मरतो. हे केवळ शाळामास्तरांचे मत नव्हते. याच १८८७-८८ मध्ये पॅरिसला ब्राऊन-सेकार आणि दार्सोनव्हाल या नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी उच्छ्वासातील बाष्प थिजवून ते सशांना टोचले आणि ससे मेल्यामुळे विष सिद्ध झाले असे जाहीर केले. पुढे अमेरिकेत बिलिंग्ज, मिचेल आणि बर्गी यांनी तेच प्रयोग काळजीपूर्वक केले तेव्हा विष काही सापडले नाही, आणि १९०५ मध्ये ब्रेस्लाऊ येथे फ्ल्यूगे यांच्या प्रयोगशाळेत दिसले की कोंदट खोलीत जीव घाबरा होतो तो मुख्यतः उष्णतेने आणि दमटपणाने. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही, एवढेच.

त्या पिढीच्या पुस्तकांत या विषाचा पुरावा म्हणून कलकत्त्याच्या ‘काळकोठडी’ची गोष्ट हटकून सांगितली जाई : १७५६ च्या जूनमधील रात्र, सुमारे १८ फूट बाय १४ फुटांची खोली, त्यातून वाचलेला ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होल्वेल याच्या सांगण्याप्रमाणे १४६ कैदी आणि सकाळी जिवंत २३. होल्वेलच्या आकड्यांवर इतिहासकारांचा आता विश्वास नाही. मेले ते गर्दीने, तहानेने आणि बंगालच्या जून महिन्यातल्या उकाड्याने. पण बोस्टनच्या शाळेतल्या पोरांना ही गोष्ट खिडक्या उघडण्यासाठी सांगितली जात होती, आणि खिडक्या उघडणे हे चांगलेच होते. क्षयाचा जंतू कोख यांनी १८८२ मध्ये दाखवला होता, त्या काळी क्षय हा मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक होता, आणि खेळत्या हवेत क्षयाच्या जंतूंची दाटी कमी होते. उपदेश बरोबर, कारण चूक, याचे हे पहिले आणि सर्वांत स्वच्छ उदाहरण.

यात एक गंमतही आहे. त्या काळचे इंग्रज आरोग्यशास्त्रज्ञ माणशी, दर तासाला ३,००० घनफूट ताजी हवा मागत. मापे बदलून पाहिले तर ते सेकंदाला साधारण २४ लिटर होतात. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घराव्यतिरिक्तच्या इमारतींसाठी माणशी सेकंदाला १० लिटर सुचवले. म्हणजे चुकीच्या कारणावर उभ्या असलेल्या जुन्या मंडळींनी आजच्यापेक्षा दुपटीहून जास्त हवा मागितली होती. मधल्या काळात वातानुकूलन आले, इंधनाचे भाव आले, खिडक्या बंद झाल्या, आणि आपण कमी हवेत बसायला शिकलो. आपली आजी थंडीतही खिडकीची एक झडप उघडी ठेवत असे असे आपण लिहिले आहे. तो आग्रह या पुस्तकातूनच आला असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण शिक्षकाच्या घरात तो आला यात नवल नाही.

चुकीचे कारण नेहमीच निरुपद्रवी मात्र नसते, आणि हे महाराष्ट्राला चांगलेच कळलेले आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा घाण आणि दुर्गंधी यांतून रोग उठतो या समजुतीवर गटारे धुतली गेली, घरांवर कार्बोलिक आणि चुना मारला गेला, कौले काढून ऊन आत घेतले गेले. उंदीर आणि पिसवा हे खरे वाहक असल्याचे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवले, तेही लगेच कोणी मानले नाही. घर धुतल्याने उंदीर शेजारच्या घरात जातो. वाईट हवेतून रोग होतो ही एकच समजूत, पण तिने वर्गातल्या खिडक्यांपुरते भले केले आणि प्लेगच्या गल्लीत त्रासच दिला. म्हणून कारण चुकले तरी उपदेश बरोबर होता ना, मग झाले, असे म्हणून पुढे जाता येत नाही.

त्वचेच्या भागात मुलांना हमखास लक्षात राहणारी एक गोष्ट त्या काळच्या पुस्तकांतून फिरत असे. एका मिरवणुकीसाठी एका लहान मुलाला सर्वांगाला सोन्याचा वर्ख लावून देवदूत बनवले आणि त्वचेची छिद्रे बुजल्याने तो मेला, अशी. हिचे मूळ इटलीत आहे. फ्लोरेन्सच्या १५१३ च्या मिरवणुकीत सुवर्णयुगाचे प्रतीक म्हणून एका पाववाल्याच्या मुलाला सोनेरी रंग दिला होता आणि थोड्या पैशांसाठी सोसलेल्या श्रमाने तो लवकरच मेला, असे चित्रकारांचा चरित्रकार वासारी लिहितो. त्वचेने श्वास घेण्याचा प्रश्न वासारीच्या मजकुरात कोठेही नाही. तो आरोग्यपुस्तकांनी नंतर जोडला. माणसाच्या त्वचेतून होणारी वायूंची देवघेव इतकी नगण्य आहे की ती बंद पडल्याने कोणी गुदमरत नाही. घाम अडला तर उष्माघाताचा धोका असतो, तो वेगळा. अंघोळीचा उपदेश मात्र पटण्यासारखा आहे. नळ आणि न्हाणीघर नसलेल्या, वर्षातले काही महिने बर्फात असलेल्या घरांसाठी तो लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या काळच्या पुस्तकांतला आठवड्यातून एकदोनदा स्नान करण्याचा आग्रह वाचून रोज सकाळी अंघोळ करणाऱ्या घरातल्या मुलीला हसू येणार नाही. आले तरी हरकत नाही.

आहाराचा भाग वाचताना कोंडा आणि मसाला हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. कोंड्यासकट पीठ खावे हे ग्रॅहॅम यांचे सांगणे पूर्ण बरोबर ठरले, पण त्यांच्या हयातीत ते सिद्ध करण्याचे साधनच नव्हते. त्यांचे म्हणणे होते की निसर्गाने जे एकत्र ठेवले ते माणसाने वेगळे करू नये. पुढे १८९० च्या दशकात जावामध्ये आइकमन यांना पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार दिसला, १९१२ मध्ये फुंक यांनी ‘व्हिटामिन’ हा शब्द घडवला, आणि चोथ्याचे महत्त्व तर १९७० च्या दशकात बर्किट यांच्या आफ्रिकेतल्या निरीक्षणांनंतर सर्वमान्य झाले. हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ सोडून आपणही गिरणीच्या पांढऱ्या मालाकडे गेलो आणि आता पुन्हा ‘मल्टिग्रेन’ शोधत आहोत.

मसाल्यांचे उलट आहे. मिरी, मोहरी, मिरची ही उत्तेजक द्रव्ये आहेत, ती जठराला चाबकासारखी हाकतात, त्यातून तहान, तहानेतून दारू, आणि दारूतून सर्व प्रकारचा अनाचार, अशी साखळी या चळवळीने कल्पिली होती. तिच्यात शास्त्र कमी आणि नीती जास्त. न्यू इंग्लंडच्या मवाळ स्वयंपाकात वाढलेल्या माणसाला मोहरीसुद्धा दारूच्या वाटेवरची पायरी वाटली, तर त्याला सोलापूरची शेंगदाणा चटणी किंवा कोल्हापूरचा तांबडा रस्सा दाखवण्याची इच्छा मला नेहमी होते. अल्सर असलेल्या रुग्णांना आम्ही अनेक वर्षे तिखट बंद करायला सांगत होतो, आणि १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी जठरातला जंतू दाखवल्यावर त्या सल्ल्याचा बराचसा आधार गेला. त्या चुकीत मीही सहभागी होतो, हे नमूद करतो.

आता दारू. आपल्या प्रश्नातला हा सर्वांत रास्त भाग आहे, कारण पुस्तक उघडले की दारू कोठे भेटत नाही असे होत नाही. रक्ताचा धडा असो, मेंदूचा असो वा स्नायूंचा, शेवटी दारू आणि तंबाखू त्या अवयवाचे काय करतात हे येतेच. यामागे लेखकाची स्वतःची मते होतीच, पण मोठे कारण कायदा हे होते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ या स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेत मेरी हंट नावाच्या शिक्षिकेने ठरवले की मोठ्यांना सुधारण्यापेक्षा मुलांच्या क्रमिक पुस्तकात शिरावे. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांनी आमदारांना पत्रे पाठवून, सह्या गोळा करून एकेका राज्यात असा कायदा करून घेतला की शरीरशास्त्र शिकवताना दारू व अमली द्रव्यांचे दुष्परिणाम शिकवणे सक्तीचे राहील. १८८२ मध्ये व्हरमाँट, १८८४ मध्ये न्यूयॉर्क, १८८६ मध्ये केंद्राच्या अखत्यारीतले प्रदेश, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत जवळजवळ सारा देश. नंतर हंट यांनी प्रकाशकांपुढे अटी ठेवल्या. लहान मुलांच्या पुस्तकाचा सुमारे चौथा हिस्सा या विषयाला द्यावा, दारू हे विष आहे हे निःसंदिग्ध लिहावे, थोडी घेतली तरी जास्तीची ओढ लागते हे लिहावे. अटी पाळणाऱ्या पुस्तकांना मान्यता मिळे, आणि तसे पत्रक काही पुस्तकांच्या सुरुवातीस छापलेले आढळते. क्रमिक पुस्तकाचा बाजार केवढा मोठा असतो हे महाराष्ट्रातल्या कोणाही शिक्षकाला सांगायला नको. प्रकाशकांनी धडे त्या मापाने कापून शिवले.

या धड्यांचा पेटंट प्रयोग म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. काचेच्या पेल्यात बलक घ्यायचा, त्यावर कडक स्पिरिट ओतायचे, आणि तो शिजल्यासारखा पांढरा झाला की मुलांना सांगायचे, पाहा, दारू पिणाऱ्याच्या मेंदूचे असेच होते. प्रयोग खरा आहे, निष्कर्ष खोटा. बलक गोठवायला तीव्र अल्कोहोल लागते. रक्तात मात्र त्याचे प्रमाण शेकडा ०.३ ते ०.४ झाले तरी माणूस बेशुद्ध पडतो किंवा दगावतो, आणि तेवढ्याने बलकावर डागही उमटत नाही. दारू मेंदूला इजा करते ती अगदी वेगळ्या मार्गांनी.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. १९८० च्या दशकात मी एका ग्रामीण आरोग्य केंद्राशी जोडलेला असताना जवळच्या आश्रमशाळेत मोठ्या उत्साहाने हाच प्रयोग करून दाखवला होता. मागच्या ओळीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, ‘सर, माझे वडील रोज पितात, मग त्यांचा मेंदू अजून शिजला कसा नाही? काल तर त्यांनी हिशेब बरोबर केला.’ वर्ग हसला. मला उत्तर देता आले नाही. त्या मुलाच्या घरात दारूने जे चालले होते ते मेंदू शिजण्यापेक्षा रोज दिसणारे आणि जास्त खरे होते, आणि मी त्याच्यासमोर एक जादूचा खेळ करून माझ्याच बोलण्याची किंमत घालवली होती. तो प्रयोग मी पुन्हा केला नाही.

मेरी हंट यांच्यावरही अशी वेळ आली, फक्त वर्ग मोठा होता. कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल एवढी उष्णतामापक खोली बांधली होती. तिच्यात राहणाऱ्या माणसांना मोजून अल्कोहोल देऊन त्यांनी १८९९ मध्ये जाहीर केले की थोड्या प्रमाणातले अल्कोहोल शरीरात जवळजवळ पूर्ण जळते आणि त्यातून ऊर्जा मिळते. दारू प्यावी असे ते म्हणत नव्हते. पण मुलांना खोटे शिकवून नीती टिकत नाही असे मात्र ते म्हणत होते. दारू हे कोणत्याही अर्थाने अन्न नाही या शालेय वाक्याला त्याने सुरुंग लागला आणि हंट त्यांच्यावर तुटून पडल्या. १९०३ मध्ये ‘कमिटी ऑफ फिफ्टी’ या विद्वानांच्या मंडळाने शालेय पुस्तकांतील दारूविषयक मजकुरावर कडक टीका प्रसिद्ध केली.

आणि तरीही आजचे शास्त्र कोठे आले आहे ते पाहावे. अल्कोहोलयुक्त पेये माणसाला कर्करोग करतात असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले, आणि आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही अशी भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये घेतली. तंबाखूचेही तेच. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये दाखवला, पण तंबाखूला हात लावू नको हे केलॉग यांनी त्याच्या साठ वर्षे आधी मुलांना सांगितले होते. अ‍ॅटवॉटर यांचा प्रयोग बरोबर होता आणि हंट यांचा सल्लाही बरोबर होता. चुकला तो सल्ल्याला जोडलेला पुरावा. आपल्या मुलीला मी हा धडा सर्वांत सावकाश वाचायला देईन, आणि शक्य असेल तर बलकाचा प्रयोग दोनदा करून दाखवीन. एकदा शुद्ध स्पिरिटने, एकदा पाण्यात रक्तातल्याइतके पातळ केलेल्या स्पिरिटने. दुसऱ्या पेल्यात काहीच होत नाही हे पाहून ती जो प्रश्न विचारेल, त्यावर अर्धा तास बोलता येईल. स्पिरिट औषधाच्या दुकानातले असते आणि ते पिण्याचे नसून पेटते, एवढी सूचना पालक म्हणून आपण द्यालच.

लेखकाविषयी एक गोष्ट मात्र मुलीला नव्हे, आपल्याला सांगणे भाग आहे. हे बालपुस्तक सौम्य आहे, पण त्याच डॉक्टरांनी मोठ्यांसाठी लिहिलेल्या लैंगिक आरोग्याच्या पुस्तकात हस्तमैथुनावर उपाय म्हणून मुलांची भूल न देता सुंता करण्याचा आणि मुलींच्या कोमल अवयवावर कार्बोलिक आम्ल लावण्याचा सल्ला आहे. पुढे त्यांनी ‘वंशसुधारणे’चा, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांचीच संतती वाढावी या विचाराचा, पुरस्कार केला आणि जानेवारी १९१४ मध्ये बॅटल क्रीक येथे त्या विषयाची राष्ट्रीय परिषद भरवली. स्वच्छता, संयम आणि शुद्धता यांच्या आग्रहातून माणसांची ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ अशी प्रतवारी करण्यापर्यंत जाणारी वाट किती छोटी असते, हे जातीच्या विटाळाचा इतिहास असलेल्या समाजात वेगळे समजावून द्यावे लागू नये. या पुस्तकात ती वाट कोठे दिसते का, हे आपण स्वतः वाचताना पाहावे. मला ती ‘चांगल्या’ आणि ‘वाईट’ सवयींच्या मुलांचे वर्णन करणाऱ्या जागी पुसट दिसते.

पुस्तक नगरला कसे आले असेल याविषयी एवढे म्हणता येते की अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला काम करीत होते, त्यामुळे अमेरिकेतली शालेय पुस्तके तिथल्या शिक्षकांच्या हाती येणे स्वाभाविक होते. पहिल्या कोऱ्या पानावर शिक्का, दाखल क्रमांक किंवा सही आहे का ते उन्हाच्या तिरप्या उजेडात पाहावे. पुसलेली पेन्सिलही तशा उजेडात उमटते.

किंमत म्हणाल तर फारशी नाही. ही पुस्तके अमेरिकेत मोठ्या संख्येने छापली गेली आणि जुन्या बाजारात आजही मिळतात, शिवाय मजकूर स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाल्याने तो महाजालावर फुकट वाचता येतो. आपल्या प्रतीत मोलाच्या आहेत त्या आजोबांच्या खुणा. त्यामुळे जपणूक त्या दृष्टीने करावी. त्या काळचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, म्हणून तो पिवळा पडून कडेने तुटतो. पान उलटताना कोपरा दुमडू नये आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडू नये. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये, तिचा डाग कागदापेक्षा जास्त टिकतो. नगरची हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात कसर लागते. डांबरगोळ्या कपाटात टाकण्यापेक्षा पुस्तक आम्लरहित कागदात गुंडाळून, भिंतीपासून दूर ठेवलेल्या कपाटात, जमिनीपासून उंचावर ठेवावे, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी काढून मऊ ब्रशने झटकावे. उन्हात वाळत घालू नये.

बांधणीचे कापड चकचकीत हिरवे असेल तर एक खबरदारी. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः मध्यावर, काही पुस्तकांच्या कापडात आर्सेनिकचा हिरवा रंग वापरत. अमेरिकेतील विंटरथर संग्रहालय २०१९ पासून अशा पुस्तकांची नोंद करीत आहे. आपले पुस्तक त्या रंगाच्या भरभराटीनंतरचे असल्याने धोका कमी आहे, पण कापड तसे दिसलेच तर हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते जेवणाच्या टेबलावर ठेवू नये. आरोग्याच्या पुस्तकाला स्पर्श करून हात धुवावे लागणे हे केलॉग यांना रुचले नसते.

पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने साफ करण्याचा विचार आपण लिहिला आहे, तो कृपा करून सोडावा. आधी प्रत्येक खूण केलेल्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या वाक्याखाली रेघ आहे, कोणत्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, याची यादी करावी. रेघ आणि प्रश्नचिन्ह या दोन्ही असतील, आणि प्रश्नचिन्हे हवेच्या धड्यात असतील, तर मला ती पाने अवश्य पाठवावीत.